'आज उड्डाण नाही' म्हणण्याचे बळ

(वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाबाहेर मध्यरात्रीच्या सुमारास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, त्याच्यापुढे दोन भरगच्च बॅगा आणि भोवती दहा-बारा माणसांचा गोतावळा. आई पुन्हा पुन्हा विचारते, "मेतकूट वरच्या कप्प्यात ठेवलंय, सापडेल ना रे?" आजी हातावर दही ठेवते. वडील फारसे बोलत नाहीत. पारपत्र, व्हिसाची कागदपत्रे आणि डॉलर नीट ठेवले आहेत ना, एवढेच एकदा विचारतात. राहत्या घरावर काढलेल्या कर्जाची आठवण त्यांच्या मनात असते, पण या क्षणी ती ओठांवर येऊ द्यायची नाही, हे त्यांनी ठरवलेले असते. मुलगा काचेच्या दारातून आत जातो आणि दिसेनासा होईपर्यंत सारे हात हलवीत राहतात.

हा मुलगा कोणा एका घरचा नाही. तो नाशिकचा असेल, साताऱ्याचा असेल किंवा डोंबिवलीचा असेल. तो मुलगा नसून मुलगीही असेल. कारण भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे, आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. या गोतावळ्यातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, 'परवाना घेऊन केव्हा येणार?' प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. परवान्यासोबत हा मुलगा काय शिकून येणार, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि त्याच्या उत्तरात घरच्यांचाही वाटा आहे.

मुळात विमान शिकण्यासाठी सातासमुद्रापार का जावे लागते? उड्डाणाची परंपरा आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच मुंबईत. आजही महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया येथे उड्डाणाचे प्रशिक्षण दिले जाते. पण विमाने, प्रशिक्षक आणि मोकळे आकाश या तिन्ही गोष्टी मागणीच्या मानाने कमी पडतात. भारतात व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी किमान दोनशे तास उड्डाण करावे लागते. हे तास कुठे वर्षभरात पूर्ण होतात, तर कुठे दोन-तीन वर्षे रेंगाळतात. याउलट अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. तिथे लहान विमान ही चैनीची किंवा कुतूहलाची वस्तू राहिलेली नाही. शेतकरी, डॉक्टर, निवृत्त शिक्षक हेही विमान चालवितात. म्हणून मुले तिकडे वळतात.

जाण्यापूर्वीची वाट सोपी नसते. आधी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, हृदय सारे तावून सुलाखून पाहिले जाते, आणि कित्येकांचे स्वप्न या पहिल्याच पायरीवर थांबते. मग व्हिसा. त्यानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची परवानगी, बोटांचे ठसे आणि पूर्वेतिहासाची छाननी. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने इमारतींवर आदळविणाऱ्या दहशतवाद्यांपैकी काहींनी विमानविद्या अमेरिकेतल्याच प्रशिक्षणसंस्थांत घेतली होती. तेव्हापासून परदेशी विद्यार्थ्याला या चाळणीतून जाण्यावाचून गत्यंतर नाही. काही वेळा ही परवानगी येईपर्यंत विद्यार्थी तिथे नुसताच बसून राहतो. घरभाडे मात्र चालू असते.

आणखी एक गोष्ट पालकांनी आधीच ध्यानात घ्यावी. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेलेला शेजारचा मुलगा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काही तास काम करून आपला खर्च थोडाफार भागवू शकतो. वैमानिक प्रशिक्षणासाठी बहुधा मिळणाऱ्या एम-१ व्हिसावर ती सोय नाही. शिकत असताना नोकरी करता येत नाही. म्हणजे प्रत्येक डॉलर घरूनच जाणार, आणि हे त्या मुलाला पुरेपूर ठाऊक असते.

आता फ्लोरिडातील एखाद्या लहान गावात उतरलेल्या या मुलाची नजर उसनी घेऊ या. चित्रपटांतली अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारती आणि झगमगाट. प्रत्यक्षात त्याला दिसतो सपाट मुलूख, बसकी घरे, रुंद रस्ते आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पायी चालणारा माणूस दिसतच नाही. दूध आणायचे तरी चार-पाच किलोमीटर जावे लागते आणि बस नसते. पहिल्या आठवड्यात तो जुनी सायकल विकत घेतो आणि भर उन्हात पाठीवर किराणा लादून घरी येतो. दुकानात वस्तूवर लिहिलेली किंमत आणि गल्ल्यावर मागितलेली रक्कम जुळत नाही, कारण कर तिथे शेवटी जोडला जातो. तापमान फॅरनहाइटमध्ये, अंतर मैलांत, इंधन गॅलनमध्ये. मात्र वैमानिकांसाठीच्या हवामानवृत्तात तापमान पुन्हा सेल्सिअसमध्ये! मनगटावरचे घड्याळ स्थानिक वेळ दाखविते, विमानाचे वेळापत्रक जागतिक वेळेवर चालते आणि मन भारतातल्या वेळेवर.

चार भारतीय मुले एका घरात राहतात. ज्याने घरी कधी पाण्याचा पेला विसळला नाही, त्याच्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक येतो. पहिला भात करपतो, दुसरा कच्चा राहतो, तिसरा जमतो. भांडी घासणे, कपडे धुणे, स्नानगृह स्वच्छ ठेवणे ही कामे करणारे दुसरे कोणी नसते. श्रमाला प्रतिष्ठा असते, हे वाक्य निबंधात शंभर वेळा लिहिलेले असते. त्याचा अर्थ तिथे कळतो. सणावाराला घराची आठवण अनावर होते. सुदैवाने अमेरिकेतल्या अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. त्यांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. गणेशोत्सवात एखादे अनोळखी मराठी कुटुंब अशा मुलांना आग्रहाने जेवू घालते, आणि मोदक पाहून मुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

या समाजाची दुसरी बाजूही त्याला दिसते. पंचाहत्तरीच्या आजीबाई दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर उभ्या राहून काम करताना दिसतात. शेजारी वर्षभर हसून हात हलवितो, पण त्याचे नाव कळत नाही. कर्ज काढून वस्तू घेण्याची सवय घराघरांत दिसते. तेव्हा तिकडचे सारेच अनुकरणीय, असे मानण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट त्याला पहिल्याच दिवसांत अंतर्मुख करते, ती रस्त्यावरच्या चौकात. चारही बाजूंना 'थांबा' अशी पाटी असते. सिग्नल नाही, पोलीस नाही. रात्रीचे अकरा वाजलेले, दूरवर एकही वाहन नाही. तरीही आलेली मोटार पाटीपाशी पूर्ण थांबते, आणि मगच पुढे जाते. कोणी पाहत नसताना पाळलेला नियम! सगळे अमेरिकन असे वागतात असे नाही, पण वागणारे पुष्कळ दिसतात.

हाच संस्कार विमानतळावर अधिक ठळकपणे भेटतो. त्या पाच हजार विमानतळांपैकी नियंत्रण मनोरा असलेले सुमारे पाचशेच. उरलेल्या ठिकाणी 'उतरा' किंवा 'थांबा' असे सांगणारे कोणी नसते. प्रत्येक वैमानिक रेडिओवर स्वतःच सांगतो, 'मी अमुक दिशेने येत आहे, तमुक धावपट्टीवर उतरणार आहे', आणि इतरांचे ऐकून आपला क्रम लावतो. रात्री धावपट्टी अंधारात असते. वैमानिकाने रेडिओची कळ पाच सेकंदांत सात वेळा दाबली की दिवे पूर्ण प्रखरतेने उजळतात. इंधनही यंत्रात कार्ड सरकवून ज्याचे त्याने भरायचे. किती तास उड्डाण केले, याची नोंदवही विद्यार्थी स्वतः लिहितो. ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे: माणूस खरे बोलेल आणि स्वतःची जबाबदारी स्वतः घेईल.

हे गृहीतक मोडले तर काय होते, याचा कडू अनुभव आपल्याकडे येऊन गेला आहे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याच्या आरोपावरून आपल्या देशात वैमानिकांना अटक झाली. कागदावरचे खोटे आकाशात कोणाला वाचवीत नाही.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येऊ. बहुतेकांची पहिली ओळख होते ती सेसना १७२ या विमानाशी. एक इंजिन, चार आसने, वर बसविलेले पंख. १९५० च्या दशकापासून तयार होत असलेल्या या विमानाची चव्वेचाळीस हजारांहून अधिक नगे बनली. प्रशिक्षक असतो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. 'सर' म्हटलेले त्याला चालत नाही. नावाने हाक मार, म्हणतो. विमानात एक मीटर असतो. इंजिन चालू होताच तो फिरू लागतो आणि तासाच्या दहाव्या हिश्शापर्यंत पैसे मोजतो. धावपट्टीवर आपली पाळी येण्याची वाट पाहताना सरलेल्या मिनिटांचेही पैसे पडतात. मुलगा एक डोळा आकाशाकडे ठेवतो आणि दुसरा त्या मीटरकडे. त्या मीटरमागे त्याला घराचे हप्ते दिसतात.

साधारण पंधरा-वीस तास झाले की एक दिवस प्रशिक्षक सहज दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, "आता तू एकटा जा." शेजारचे आसन रिकामे होते. भार कमी झाल्याने विमान एरवीपेक्षा लवकर उचलले जाते, आणि त्या क्षणी मुलाला उमगते, की आता खाली आणणारे दुसरे कोणी नाही. तो तीनदा उडतो, तीनदा उतरतो. परतल्यावर प्रशिक्षक त्याच्या सदऱ्याचा पाठीकडचा भाग कात्रीने कापून घेतो. पूर्वी विमानात विद्यार्थी पुढे आणि गुरू मागे बसे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून गुरू शिष्याचा सदरा मागून ओढून सूचना देई, असे या प्रथेचे मूळ सांगतात. आता सूचनेची गरज उरली नाही, म्हणून सदरा कापायचा! त्या फाटक्या सदऱ्याचे छायाचित्र घरी येते तेव्हा आईला हसावे की रडावे कळत नाही.

पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि या व्याख्यानाचा विषयही तोच आहे.

फ्लोरिडा हे द्वीपकल्प आहे. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या समुद्रांवरून वारे आत येतात, मध्यभागी भेटतात आणि तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर प्रचंड ढग उभे राहतात. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी दोनला काळेकुट्ट होते. अशा वादळापासून वीस मैल दूर राहावे, असे वैमानिकाला शिकविले जाते. एके दिवशी मुलगा लांबच्या पल्ल्याच्या एकट्याच्या उड्डाणाची सारी तयारी करून येतो. क्षितिजावर ढग नुकतेच डोके वर काढू लागलेले. तो प्रशिक्षकाला विचारतो, "जाऊ का?" आणि प्रशिक्षक उलट विचारतो, "तुला काय वाटते?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसतो. शाळेत गुरुजींनी सांगितले ते लिहिले, शिकवणीवर्गात सांगितले ते पाठ केले, कोणती शाखा घ्यावी हे घरच्यांनी ठरविले. आज्ञाधारकपणा हा गुण खराच. तो आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आधार आहे. पण अमेरिकी नियमावली सांगते, की विमानाच्या संचालनाची थेट जबाबदारी आणि अंतिम अधिकार मुख्य वैमानिकाचा. तो वीस वर्षांचा विद्यार्थी असला, तरी विमानात एकटा असेल तेव्हा मुख्य वैमानिक तोच. 'सरांनी जा म्हटले म्हणून गेलो' हे उत्तर तिथे चालत नाही.

मुलगा ढगांकडे पाहतो. मनात हिशेब चालू असतो. आज गेलो नाही तर उड्डाण आठवडाभर लांबेल. भाडे, जेवण, व्हिसाची मुदत... आणि रात्रीचा फोन. इकडे रात्री नऊ वाजता फोन लावला की उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेअकरा झालेले असतात. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "किती तास झाले?" विचारणाऱ्याच्या मनात प्रेम आणि काळजी असते, पण ऐकणाऱ्याच्या कानांत कर्जाचा आकडा घुमतो. दोन दिवस तास वाढले नाहीत, तर तो ओशाळतो. तिसऱ्या दिवशी सांगताना थोडे वाढवून सांगतो. आणि चौथ्या दिवशी, ज्या आकाशात जाऊ नये, त्या आकाशात जाण्याचा मोह त्याला होतो.

असा मोह श्रीमंतांनाही सुटत नाही. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी (धाकटे) न्यू जर्सीहून स्वतः विमान घेऊन निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी. चुलत बहिणीच्या लग्नाला पोहोचायचे होते. निघायला उशीर झाला, सूर्य मावळला. समुद्रावर धूसर हवा होती, क्षितिज दिसत नव्हते, आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. अशा अंधारात माणसाचे कान आणि शरीर त्याला वर-खालीची चुकीची जाणीव करून देतात. विमान समुद्रात कोसळले, तिघेही गेले. अंधारात पाण्यावरून उतरताना दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पैसा, नाव, चांगले विमान, सारे होते. 'आज नको, सकाळी जाऊ' एवढेच शब्द हवे होते. लग्नघरी वेळेवर पोहोचण्याची घाई कोणत्या मराठी घराला परकी आहे?

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. २२ मे २०१० रोजी मंगळुरूच्या डोंगरावरील धावपट्टीवर उतरताना विमान पुढे घसरून दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले. विमान फार उंचावरून, चुकीच्या रीतीने उतरत होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा केली होती. ती मानली गेली नाही, असे चौकशीत आढळले. वरिष्ठाने कनिष्ठाचे 'नाही' ऐकणे आणि कनिष्ठाने ते ठामपणे म्हणणे, या दोन्ही गोष्टी शेकडो जिवांच्या मोलाच्या आहेत. आज परदेशी निघालेला मुलगा परतल्यावर प्रथम त्या कनिष्ठाच्याच आसनावर बसणार आहे.

परतल्यावरची वाटही पालकांनी आधीच समजून घ्यावी. अमेरिकी परवान्यावर भारतात नोकरी मिळत नाही. येथील परीक्षा देऊन, कौशल्य सिद्ध करून तो भारतीय परवान्यात रूपांतरित करावा लागतो. मोठ्या विमानाचे विशेष प्रशिक्षण वेगळे, त्याचा खर्च वेगळा. शिवाय हा व्यवसाय चढउतारांचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट यांची विमाने जमिनीवर आली, आणि अनुभवी वैमानिकही रातोरात बेकार झाले. परवाना हातात आला की दुसऱ्या महिन्यात पगार सुरू, असे गणित मांडून घर गहाण टाकू नये. वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागेल, असे धरूनच कर्जाचा आकडा ठरवावा.

मग पालकांनी नेमके काय करावे? संपूर्ण शुल्क एकरकमी आगाऊ भरू नये, टप्प्याटप्प्याने द्यावे. संस्थेकडे विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे तिथे शिकून आलेल्यांकडून विचारून घ्यावे. ठरलेल्या खर्चाहून काही रक्कम बाजूला ठेवावी आणि मुलाला स्पष्ट सांगावे, 'हे पैसे वाया जाणाऱ्या दिवसांसाठी आहेत.' हे एक वाक्य त्याचे प्राण वाचवू शकते. चाचणीत एखादा मुलगा अनुत्तीर्ण होतो. ते त्याला घरी सांगता आले पाहिजे. आणि रात्री नऊच्या फोनवर 'किती तास झाले?' याऐवजी विचारावे, "आज हवा कशी होती? तू काय ठरवलंस?" तो म्हणाला, "बाबा, आज ढग होते, गेलो नाही", तर बाबांनी उत्तर द्यावे, "शाबास."

कल्पना करा, काही वर्षांनी हाच मुलगा कॅप्टन म्हणून बसला आहे. मागे एकशे ऐंशी प्रवासी आहेत. मुसळधार पाऊस, धावपट्टी दिसत नाही. कोणाला लग्न गाठायचे आहे, कोणाला मुलाखत. कंपनीचे वेळापत्रक कोलमडते आहे. प्रवासी चिडलेले आहेत. आणि ध्वनिक्षेपकावरून शांत आवाज येतो, "हवामान अनुकूल नसल्याने आपण आत्ता निघणार नाही." ते शब्द उच्चारण्याचे बळ त्याने फ्लोरिडातल्या त्या दुपारी कमावलेले असेल, आणि ते कमावता यावे म्हणून इकडे रात्री नऊ वाजता, हप्त्याची चिंता बाजूला सारून, कोणीतरी त्याला 'शाबास' म्हटलेले असेल.